विस्कॉन्सिनचा दगड

...नाही, पण मला एक सांगा, डोंगराला भोक आहे हा काय माझा गुन्हा आहे? मी पाडलंय का ते? कुठल्या काळात कोण जाणे, वरचा दगड सुटला, कड्याला आरपार नेढं पडलं, आणि त्या नेढ्यातून वर्षातून दोनदा, एकदा मार्चमध्ये आणि एकदा सप्टेंबरच्या शेवटी, सकाळचं ऊन येतं आणि नेमकं आल्प्समधल्या आमच्या गावच्या चर्चवर पडतं. बरं, पडतं ते किती वेळ? दोन मिनिटं! अंडंसुद्धा उकडत नाही हो तेवढ्यात! आणि त्या दोन मिनिटांसाठी पार जपानपासून माणसं येतात, आणि आली की मलाच पकडतात. का, तर मी चाळीस वर्षं इथल्या रोपवेवर नोकरी केली आणि निवृत्त झालो तरी ती निळी टोपी घालतो. डोक्याला ऊब लागते म्हणून घालतो, दुसरं काही नाही! पण टोपी दिसली की लोकांना वाटतं, हाच डोंगराचा मालक. 'अहो, आज ढग आहेत!' आहेत ना. 'मग ऊन कधी दिसणार?' मार्चमध्ये. 'पण आम्ही तर आज आलोय!' आता यात माझा काय दोष?

पण ते जाऊ दे, ढगांच्या शिव्या खायची मला सवय आहे. या सप्टेंबरात जे झालं ते ढगांचं नव्हतं, ते घरातलंच होतं... तुम्हाला सांगतो, उन्हाळ्यात एक पत्र आलं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून. चांगलं कागदावर लिहिलेलं, चार पानी. लिहिणारी कोण, तर मार्लिस, वय अठ्ठ्याहत्तर, माहेरची रीनर. आता रीनर मीसुद्धा, बाल्झ रीनर, पण या खोऱ्यात दगड मारला तर तो रीनरला नाहीतर रीनरच्या गाईला लागतो, त्यामुळं मी काही फार मनावर घेतलं नाही. बायको म्हणाली, पुढं वाच. वाचलं. तर तिचे पणजोबा आणि माझे पणजोबा सख्खे भाऊ! टोबियास आणि कास्पार. अठराशे पंचेचाळीस साली इथं बटाटे कुजले, लोक गवताची भाजी खायला लागले, तेव्हा गावानंच वर्गणी काढून माणसं बोटीनं अमेरिकेला धाडली. दोघांतला एकच जाऊ शकत होता, कारण आई अंथरुणाला खिळलेली. टोबियास गेला, कास्पार राहिला. आणि आता पावणेदोनशेच्या वर वर्षांनी ही मार्लिस लिहिते, 'मला एकदा कास्पारच्या थडग्यापाशी उभं राहायचं आहे. नेढ्यातलं ऊनही बघेन, पण आधी थडगं.'

झालं! माझ्या हातातलं पत्र तसंच राहिलं. कारण थडगं कुठं आहे?

नाही, तुम्ही हसू नका. आमच्याकडे थडगं कायमचं नसतं हो. जागा कुठं आहे? इकडे डोंगर, तिकडे डोंगर, मधे नदी, नदीला चिकटून रस्ता, उरलं ते गाईंना, आणि मेलेल्या सगळ्यांना मिळून चर्चचं अंगण, टेबलावरच्या चादरीएवढं! त्यामुळं पंचवीस वर्षं झाली की घरी कागद येतो, मुदत संपली, आपला दगड उचलून न्या. दगड काढायचा, वाफा सपाट करायचा, पुढचा माणूस. माझ्या आजोबांचं गेलं, आजीचं गेलं, कोणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, सगळ्यांचंच जातं. आणि कास्पार गेला अठराशे एक्याण्णवला! त्याच्यावर आतापर्यंत चार-पाच जण येऊन गेले असतील!

रोझीना, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "बाल्झ, आजच्या आज कळव तिला."

म्हटलं, कळवतो. पण कसं कळवायचं? 'प्रिय मार्लिस, पत्ता चुकला आहे, कास्पार रीनर हल्ली तिथं राहत नाहीत' असं? तीन वेळा लिहायला बसलो, तीन वेळा उठलो. म्हटलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे, एवढा प्रवास काही करायची नाही. रद्द करेल. गुडघे असतीलच की दुखत!

कसले गुडघे! सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्टेशनवर गाडी थांबली आणि दारातून एक ठेंगणी, रुंद, तांबडी बाई टुणकन उतरली. आयुष्यभर साठ गाई सांभाळलेल्या, नवऱ्यामागं एकटीनं गोठा चालवलेला, मुठी बघाल तर माझ्या दुप्पट. आणि मला बघून म्हणाली काय? "अगो बाई! बाल्झा तूच ना रे? अगीनगाडी अंमळ वेळानें आली हो, फार तिष्ठलास का?"

अगीनगाडी! तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. ही बोली टोबियासनं बोटीतून नेली, आणि तिकडे कोणी बदललीच नाही! आम्ही इथं टीव्ही बघून बघून भाषेचं पार कडबोळं केलं, आणि ही बाई आली ती थेट माझ्या खापरपणजीच्या तोंडानं बोलत. बेकरीत गेली आणि म्हणाली, "मुली, एक दिडकीचा पाव दे," तर त्या पोरीनं मालकिणीला बोलावून आणलं.

मग मी तिची बॅग उचलली... म्हणजे उचलायला गेलो. बॅग जागची हलेना. पाठीत कळ आली, म्हटलं, "मार्लिस, यात काय दगड भरलेत का?"

ती म्हणाली, "होय तर. दगडच आहे."

दगड! आल्प्समध्ये! अहो, आमच्याकडे दुसरं आहे काय? डोक्यावर दगड, पायाखाली दगड, वसंतात रस्त्यावरसुद्धा दगड, आणि ही बाई समुद्र ओलांडून अकरा किलोचा दगड घेऊन आली! तांबडा, तिच्या शेतातला, घासून गुळगुळीत केलेला, आणि वर कोरलेलं, 'कास्पारला, टोबियासकडून'. म्हणाली, थडग्यावर ठेवायचा. आणि तो आगगाडीपासून बसपर्यंत आणि बसपासून घरापर्यंत वाहिला कोणी? आता यात माझा काय दोष?

घरी आलो. आमच्या घरापासून चर्च चारशे पावलांवर आहे. चारशे! तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "चल तर, जाऊन येऊं." रोझीनानं माझ्याकडे बघितलं. तिच्या भुवया म्हणत होत्या, सांगून टाक. आणि माझ्या तोंडातून काय निघालं ठाऊक आहे? मी म्हटलं, "अगं, थडगं कुठं पळून जातंय? आधी धबधबा बघ!"

थडगं कुठं पळून जातंय! हे मी म्हटलं! मी!

तर धबधबा. खरं सांगू का, सदुसष्ट वर्षांत मी त्या धबधब्याच्या जवळ कधी गेलो नव्हतो. लांबून दिसतो की! पाणी वर आहे, खाली पडतं, त्यात बघायचं काय? पण गेलो. चारशे ऐंशी लाकडी पायऱ्या. मार्लिस पुढं, शेळीसारखी, मी मागं, भात्यासारखा. वर पोचलो तर अंगावर सगळे तुषार, आणि ती हात पसरून उभी, म्हणाली, "माझ्या पणजोबांनीं याचें वर्णन करून ठेविलेंय. घोड्याची शेपटी म्हणायचे." मी म्हटलं, हो हो, घोड्याची शेपटी, अगदी! मला कुठं काय माहीत? मी कठड्याला धरून श्वास शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कप खाली आणि, "चल तर." म्हटलं, "आज हवा स्वच्छ आहे, आज रोपवे!" गेलो वर. चाळीस वर्षं ज्या पाळण्याचं ग्रीस पुसलं त्यात आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून बसलो. वर ती प्रसिद्ध रेघ आहे, सगळ्या डोंगरांतून आडवी गेलेली, कोणी पट्टी लावून मारावी तशी. रेघेच्या वरचा खडक जुना, खालचा नवा. म्हणजे उलटंच! जगभरातले भूगर्भवाले येतात आणि डोकं खाजवतात. मार्लिस म्हणाली, "म्हणजे म्हातारे वर आणि पोरें खाली? आमच्या गोठ्यांतही तसेंच होतें."

मग उतरताना पाट्यांचा कारखाना. शाळेतल्या पाट्या हो, दगडी, लाकडी चौकटीच्या, एकेकाळी आमच्या खोऱ्यातून बोटी भरभरून जायच्या. तो झाला. मग ते घर, जिथं रशियाचा एक म्हातारा सेनापती झोपला होता. फ्रेंचांनी कोंडलं म्हणून सव्वादोनशे वर्षांपूर्वी सैन्य घेऊन बर्फातून खिंड ओलांडून गेला, आणि जाण्याआधी आमच्याकडे एक रात्र पाठ टेकली. एक रात्र! आणि त्या एका रात्रीवर भिंतीला फलक, दाराला रंग, सगळं जपून! मार्लिसनं फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "परका मनुष्य एक रात्र निजला, त्याची जागा इतकी जपली आहे. मग घरच्या माणसाची कशी जपली असेल रे बाल्झा!"

मला खोकला आला. असा आला की थांबेचना. तिनं पाठीवर थाप मारली, गाईला मारतात तशी, तर मी दोन पावलं पुढं गेलो.

संध्याकाळी रोझीना स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "त्या बिचारीला कडे-कपारी काय फिरवतोयस? सांगून टाक."

म्हटलं, "उद्या सांगतो."

तिसरा दिवस धुक्याचा. समोरचं घर दिसत नव्हतं, डोंगर कसले दाखवता! घरात कोंडलेलो. रोझीनानं मॅकरोनी केली, वर आमचं ते हिरवं वासाचं चीज किसून, बाजूला सफरचंदाची चटणी. मार्लिसनं दोनदा घेतली, काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "बाल्झा, चर्चचें अंगण चारशें पावलांवर आहे. फाटकापर्यंत मी मोजिलीं आहेत. आज जाऊं का?"

आणि मी... आता काय सांगू तुम्हाला... मी म्हटलं, "तिथं दुरुस्ती चालू आहे."

टेबलाखालून लाथ आली. रोझीनाची. नडगीवर.

मार्लिसनं मान हलवली, "बरें," म्हणाली, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसली, धुक्याकडे बघत. रात्रीपर्यंत एक शब्द नाही. एवढी बडबडी बाई! मला वाटलं, धुक्यामुळं. मी मूर्ख! मी उलट मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, उद्याही धुकं राहू दे! कारण उद्या नेढ्यातलं ऊन. आणि ऊन बघायला सगळं गाव उभं कुठं राहतं? चर्चच्या अंगणात! अहो, चाळीस वर्षं लोकांनी ढगांवरून मला शिव्या घातल्या, आणि पहिल्यांदाच मी स्वतः ढग मागत होतो, तर सकाळी उठून बघतो... आकाश असं निळं, जसं काही कोणी रात्रभर फडक्यानं पुसलंय!

गेलो. जाणार नाही तर काय करणार? दगड मी उचललेला, छातीशी धरून. सगळं गाव जमलेलं, शाळेची पोरं, दोन बसभर पाहुणे, ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा, सगळ्यांची तोंडं वर. गाव अजून सावलीत, गार, गवतावर दव. आणि मार्लिस? ती एकटी खाली बघत, ओळीओळीनं हिंडतेय. वाकून नावं वाचतेय. हेफ्टी. मार्टी. एल्मर. रीनर... रीनर म्हणून थांबली, तर ती माझी चुलती, दोन हजार नऊ. पुढं गेली. सगळ्या ओळी संपल्या. मग परत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दुरुस्ती तर कुठें दिसत नाही."

मी दगडाच्या मागं तोंड लपवलं. अकरा किलोचा दगड, पण माझं तोंड त्यामागं मावेना.

ती म्हणाली, आणि आवाज एकदम बारीक झाला हो तिचा, "मज ठाऊक आहे तूं कां टाळतोस तें. तुम्हीं आम्हांला क्षमा केलेली नाही."

मी म्हटलं, "काय?"

"टोबियास पांच वर्षांनीं परत येणार होता. आला नाही. आई गेली तेव्हां कास्पारनें पत्र लिहिलें. दोनच ओळी. 'आई गेली. तूं येणार होतास.' तें पत्र आमच्या घरीं काचेंत लावलेलें आहे. माझे आजोबा त्याखालीं बसून जेवायचे. माझे वडील जेवायचे. मी जेवलें. आम्हीं सगळे एकमेकांना सांगत आलों, कोणीतरी जायला हवें, आणि कोणीच आलें नाही. मी आलें तर तूं मला धबधबे दाखवतोस. थडगें दाखवत नाहीस. बरोबर आहे. आमचा तेवढा हक्क नाही."

मी दगड खाली ठेवला. पाठ सरळ केली. आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात, पंचवीस वर्षं, कागद येतो, वाफा सपाट, पुढचा माणूस, जागा नाही, सगळ्यांचंच जातं, माझ्या आजीचंसुद्धा, आणि पत्राला उत्तर लिहायला तीनदा बसलो, आणि दुरुस्ती वगैरे काही नाही, मी भेकड आहे, बस! आणि म्हटलं, "रागावलेले? अगं मार्लिस, कास्पारला टोबियास नावाचा भाऊ होता हेच मला तुझ्या पत्रातून कळलं! आमच्याकडे कोणी रागावलेलं नाही गं! आमच्याकडे कोणाच्या लक्षातच नाही!"

मला वाटलं, आता मारते. त्या मुठीनं. आणि तुम्हाला सांगतो, तिच्या घशातून काहीतरी आवाज निघाला, मला कळेना हुंदका की काय, आणि मग पोट धरून हसायला लागली! "कोणाच्या लक्षांतच नाही! आणि आम्ही चार पिढ्या पोटभर जेवलों नाही!" डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही हसतेय, माझ्या खांद्याला धरून. आजूबाजूचे शुक् शुक् करायला लागले, कारण वेळ होत आली होती.

तेवढ्यात फ्रिडोलीन आला. फ्रिडोलीन हेफ्टी, चर्चची घंटा, झाडलोट आणि थडगी, तिन्ही खाती त्याच्याकडे. मला वाटलं, दगडावरून हटकायला आलाय. त्यानं दगडावरचं वाचलं, टोपी काढली, मला म्हणाला, "कास्पार रीनर शोधताय होय? नेमका कुठं ते नाही सांगता यायचं." मग मार्लिसकडे वळला. "पण बाई, तुम्ही कुठंही उभ्या राहा. चारशे वर्षं इथं हीच माती खालीवर होतेय. माझ्या फावड्यानंच किती वेळा केली. सगळे रीनर सगळीकडेच आहेत. तुम्ही आत्ता उभ्या आहात तिथंही आहेत."

मार्लिसनं पायाखाली बघितलं. मीही बघितलं. मग तिनं काय केलं, तर बूट काढले. मोजे काढले. आणि त्या दवानं भिजलेल्या गवतात अनवाणी उभी राहिली, आणि माझा हात धरला. हळूच म्हणाली, "कास्पार, आलें बरें का. उशीर झाला." त्या बोलीत. मला आमचं घर आठवलं, लहानपणचं, सगळी माणसं असतानाचं. आता माझ्या डोळ्यात काही गेलं असेल तर गेलं असेल, फ्रिडोलीनच्याही गेलं असणार, कारण तोही खालीच बघत होता.

आणि त्याच वेळी सगळं गाव 'आऽऽ' करून ओरडलं!

गवतावर ऊन आलं. आमच्या पायांवर, तिच्या त्या तांबड्या अनवाणी पायांवर, दगडावर. पिवळं धम्मक. शेजारची पोरं नाचतायत, कॅमेरे कडकडतायत, वरून घंटा वाजतेय, आणि आम्ही तिघं माना खाली घालून उभे. मी मान वर केली तेव्हा नेढं पुन्हा काळं. संपलं! अहो, चाळीस वर्षं त्या दिवशी रोपवेवर गर्दी म्हणून मला सुट्टी मिळाली नाही, निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ढग, आणि यंदा कोरं आकाश, पुढच्या रांगेत उभा, तर मी बघत होतो गवत! दोन बसभर परक्या माणसांनी बघितलं, मी नाही! आता यात माझा काय दोष?

दगड अंगणात ठेवायचा तर अर्ज हवा, फ्रिडोलीन म्हणाला, आणि पंचवीस वर्षांनी उचलावा लागेल. मार्लिसनं मुळी ऐकूनच घेतलं नाही. "नको रे बाबा, पुन्हा कोणाला निरोपाचा कागद नको." म्हणून मी तो दगड परत उचलला, चारशे पावलं, आणि आमच्या दारापुढच्या बाकाशेजारी, पायरीला लागून, तिनं त्याला जागा दिली. कास्पार याच दारातून आत-बाहेर करायचा, म्हणाली, तेवढं पुरे. मग बाकावर बसून रोझीनाबरोबर दुपारभर गप्पा. काय गप्पा! आतून ऐकू यायच्या. मध्येच माझं नाव, मग दोघी हसायच्या, मग कुजबुज. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

गेल्या महिन्यात मार्लिसचं पत्र आलं. तिच्याकडे जागेची चणचण नाही. टोबियास ज्या दिवशी पुरला त्या दिवसापासून आजपर्यंत तिथं एक थडगं कोणी हलवलेलं नाही, सगळ्यांवर नावं, सालं, कुठं कुठं फोटोसुद्धा. मे महिन्यात या, म्हणते, नऊ दिवस, सगळी दाखवते, प्रत्येकापाशी थोडं थोडं उभं राहू, प्रत्येकाची गोष्ट मला पाठ आहे. मी म्हटलं, रोझीना, तिला नीट समजावून लिही, माझी पाठ, माझे गुडघे... रोझीना म्हणाली, "तिकिटं काढली." मी विचारलं, निदान आहेत तरी किती तिथं? तर म्हणाली, एकशे बारा.

एकशे बारा रीनर हो! आणि सगळेच्या सगळे जागच्या जागी!